गावाकडचा उंदीर

लॅपटॉप घ्यायचा म्हटला की आपण पंधरा दिवस अभ्यास करतो. रॅम किती, प्रोसेसर कुठला, ईएमआय किती बसतो... ऑफिसातल्या चार जणांचं डोकं खातो. माउसची मात्र कधी चौकशीच नसते. बिल करता करता काउंटरवरचा मुलगा विचारतो, "सर, एक माउस टाकू?" आपण म्हणतो, "टाक." विषय संपला!

विंडोजवर हे खपून जातं. पण मशीनवर लिनक्स असेल तर हात जरा आखडतो. खोक्याच्या मागे विंडोजची खिडकी छापलेली असते, मॅकचं नाव असतं, हल्ली क्रोमओएसही असतं. पेंग्विन काही दिसत नाही. मग चालेल का? आणि ते मशीन तुमच्या टेबलावर नसून शंभर किलोमीटर लांब गावच्या घरात असेल तर? नाही चाललं तर बघणार कोण?

आजचा विषय हाच. लिनक्ससाठी माउस कसा निवडायचा... आणि तोही स्वतःसाठी नाही, गावाकडच्या माणसासाठी.

हे आत्ताच का?

कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचे बरेचसे लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. मशीन धडधाकट, कीबोर्ड शाबूत, स्क्रीन झक्कास, पण कागदोपत्री रिटायर! मग दोनच रस्ते. एक भंगारवाल्याकडे जातो, दुसरा लिनक्सकडे. उबुंटू घ्या नाहीतर लिनक्स मिंट घ्या. पैसे लागत नाहीत, सुरक्षेचे अपडेट्स येत राहतात आणि जुनं मशीन पुन्हा पळायला लागतं.

आणि पुण्यातल्या घरांत अशा वस्तूंचा शेवटचा पत्ता कोणता असतो? गावचं घर! जुना टीव्ही गेला, जुना मिक्सर गेला, आता जुना लॅपटॉप.

समजा, तुमचं गाव पिंपरी पेंढार. जुन्नर तालुका, कल्याण-नगर हायवेवर (नगरचं आता अहिल्यानगर झालंय) ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधलं. घरी आप्पा आहेत. आळेफाट्याला आणि ओतूरला कांदा काय भावानं गेला, नारायणगावला टोमॅटोचं काय झालं, हे त्यांना रोज बघायचं असतं. सातबारा काढायचा असतो, एखाद्या योजनेचा अर्ज भरायचा असतो. मोबाइलवर हे सगळं होतं, पण त्या एवढ्याशा स्क्रीनवर अर्ज भरणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. त्यामुळे लॅपटॉप त्यांना आवडलाय. अडचण एकच: टचपॅड.

टचपॅडला बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युत परिणाम कळावा लागतो. आयुष्यभर खुरपं आणि फावडं धरलेल्या हाताची कातडी जाड आणि कोरडी होते. अशा बोटाला तो धड ओळखत नाही. बाण अडखळतो, मध्येच उडी मारतो, नको तिथे क्लिक होतो. आप्पांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही. खरं तर दोष त्यांचा नसतोच.

म्हणून माउस. आणि म्हणूनच तो "टाक एक" म्हणून घ्यायचा नाही. माउस हातात बसला तर लॅपटॉप रोज उघडतो. नाही बसला तर महिनाभरात त्याच्यावर क्रोशाचा रुमाल चढतो आणि वर गणपती बसतो. अर्ज भरायला मग आप्पा पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी दारात.

खोक्यावर पेंग्विन का नसतो?

आधी भीती घालवू. खोक्यावर कंपनी काय छापते? ज्या सिस्टिमवर तिनं वस्तू तपासली आणि जिच्यासाठी ती फोनवर सपोर्ट देणार, तेवढंच. लिनक्सचं नाव नाही याचा अर्थ "चालत नाही" असा नाही. "तुम्ही फोन केलात तर आम्ही उचलणार नाही" एवढाच!

माउस चालतो तो एका ठरलेल्या भाषेमुळे. तिचं नाव ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, थोडक्यात एचआयडी. यूएसबीचा माउस खोचला की तो आधी स्वतःची ओळख सांगतो: मी माउस, मला बटणं तीन, चाक एक, उजवी-डावी आणि वर-खाली हालचाल मी अमुक पद्धतीनं कळवीन. ही भाषा लिनक्सच्या गाभ्याला म्हणजे कर्नलला आधीपासून येते. त्यामुळे सीडी नको, ड्रायव्हर नको, डाउनलोड नको. खोचा आणि हलवा.

मग अडतं कुठे? जिथे कंपनी माउसची करामत माउसमध्ये न ठेवता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते, तिथे. अंगठ्याजवळच्या जादा बटणाला वेगळं काम देणं, चाकाचा वेग बदलणं, रंगीत दिवे लावणं, या गोष्टी सॉफ्टवेअरमधून होतात. लॉजिटेकचं ऑप्शन्स प्लस घ्या किंवा रेझरचं सिनॅप्स, दोन्ही लिनक्ससाठी निघत नाहीत. ती उणीव जगभरच्या हौशी प्रोग्रामर मंडळींनी भरून काढली. लॉजिटेकसाठी सोलार आहे, रेझरसाठी ओपनरेझर आहे आणि बऱ्याच गेमिंग माउससाठी पायपर आहे. सगळे फुकट. पण प्रत्येक मॉडेल त्यांना ओळखता येतंच असं नाही.

तर फंडा सोपा आहे. जे माउसच्या आत आहे ते लिनक्सवर चालतं. जे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते चालेल किंवा नाही चालणार. उदाहरणार्थ, काही माउसच्या पाठीवर वेग कमी-जास्त करायचं छोटं बटण असतं. ते माउसच्या आतलं काम, त्यामुळे बहुधा बिनघोर चालतं.

तेव्हाची मजा आणि सजा

आता हे इतकं सोपं वाटतंय, पण २००० च्या दशकात असं नव्हतं बरं का. तेव्हा पुण्यात लिनक्स लावणारी मंडळी म्हणजे एक वेगळीच जमात होती. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या मीटिंगा, सिंबायोसिसच्या एसआयसीएसआरमध्ये भरणारं ग्नूनिफाय, २००३ ला सुरू झालेल्या 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबरची सीडी. उबुंटूची शिपइट नावाची योजना होती. मागणी नोंदवली की सीडी फुकट घरपोच यायची. ती २०११ मध्ये बंद झाली.

सीडी यायची, लिनक्स चढायचं आणि मग... चाक फिरायचं नाही! तेव्हा हिरव्या गोल पिनचा पीएस-टू माउस असायचा. कॉन्फिगरेशनची एक लांबलचक फाइल उघडून त्यात माउसचा प्रकार हातानं लिहावा लागे आणि चाकासाठी '४ ५' असे दोन आकडे टाकावे लागत. हे आकडे कसले? तर लिनक्सच्या ग्राफिक्स यंत्रणेला चाक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिला फक्त बटणं कळायची. म्हणून चाक वर फिरवलं की चौथं बटण दाबलं आणि खाली फिरवलं की पाचवं, अशी तिची समजूत घातली जायची. बॉस, काय डोकं आहे!

शिवाय तिला बटणं तीन लागायची आणि बाजारात माउस दोन बटणांचे. मग दोन्ही एकदम दाबायची, की ते तिसरं धरलं जाई. या सगळ्यामुळे "लिनक्सवर माउससुद्धा धड चालत नाही" ही ख्याती झाली आणि ती अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही.

मधल्या काळात चित्र पालटलं. आज बहुतेक लिनक्सवर माउसचा कारभार लिबइनपुट बघतं. त्याची मुख्य देखभाल पीटर हटरर करतात. त्यातली एक सोय तर गावाकडच्या माउससाठीच केल्यासारखी आहे. स्वस्त माउस जुना झाला की त्याचं बटण थरथरतं आणि एका क्लिकचे दोन क्लिक होतात. माणसाचं बोट इतक्या कमी वेळात दोनदा दाबूच शकत नाही, हे ओळखून लिबइनपुट तो दुसरा, भुताटकीचा क्लिक गाळून टाकतं. म्हणजे एखादा थकलेला माउसही लिनक्सवर आणखी काही महिने काढतो.

तालुक्याला लिनक्स नवं नाही

"गावाकडे कुठलं आलंय लिनक्स?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. टीआयएफआरच्या पुण्यातल्या एनसीआरए या केंद्राची. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. या ३० अँटेनांकडून येणारे संकेत एकमेकांशी जुळवायचं काम आधी खास बनवलेल्या हार्डवेअरवर व्हायचं. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या, लिनक्सवर चालणाऱ्या समूहावर आलं. आणि रेडिओ खगोलशास्त्रात सर्रास वापरलं जाणारं कासा हे सॉफ्टवेअर तर लिनक्स आणि मॅकसाठीच निघतं. म्हणजे दूरच्या आकाशगंगांचा आवाज आपल्या तालुक्यात लिनक्सवरच ऐकला जातो, राव!

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला शाळकरी मुलांची जत्रा लोटते. तिथे जाऊन आलेल्यांना एक सूचना पक्की आठवत असेल: मोबाइल बंद ठेवा. दूरवरून येणारा संकेत इतका क्षीण असतो की जवळचं कुठलंही उपकरण त्याच्यापुढे ढोल बडवल्यासारखं वाटतं.

हाच गोंगाट लहान प्रमाणात तुमच्या टेबलावरही असतो आणि बिनवायरच्या माउसला तो सतावतो. हा माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच. त्यात यूएसबी ३ ची वेगवान पोर्ट्स आणि हार्डडिस्क त्याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट सोडतात. इंटेलनं २०१२ मध्येच एक तांत्रिक टिपण काढून हे सांगितलं होतं. बाण अडखळायला लागला की आपण लिनक्सला शिव्या घालतो आणि दोष असतो बाजूला खोचलेल्या हार्डडिस्कचा. उपाय फुकटचा आहे: डोंगल निळ्या पोर्टमधून काढून काळ्यात लावा, शक्यतो दुसऱ्या बाजूला.

वायर, डोंगल की ब्लूटूथ?

आता मुख्य निवड. तीन घराणी आहेत.

ब्लूटूथचा माउस दिसायला सगळ्यात स्मार्ट. पोर्ट अडत नाही, डोंगल हरवत नाही. लिनक्सवर चालतोही. पण त्याची जोडणी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर होते. बायोसच्या स्क्रीनवर किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स नव्यानं टाकताना तो गप्प बसू शकतो. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी गंमत. जोडणीची किल्ली प्रत्येक सिस्टिम स्वतःकडे ठेवते, त्यामुळे एकीकडे जोडला की दुसरीकडे बरेचदा रुसतो. हे तुम्ही कोथरूडला बसून निस्तराल. आप्पांनी का निस्तरावं?

डोंगलवाला माउस मधला रस्ता. खोचला की चालतो, कारण डोंगल स्वतःच लिनक्सला "मी माउस" म्हणून सांगतं. पण बहुतेक स्वस्त माउसचं डोंगल त्या एकाच माउसशी लग्न लावून आलेलं असतं. नखाएवढी वस्तू, पुण्याहून नेताना बॅगेत कुठे पडली की माउस कायमचा विधुर! लॉजिटेकच्या युनिफाइंग किंवा बोल्ट प्रकारात त्याच प्रकारचं दुसरं डोंगल आणून लिनक्सवर सोलारमधून जोडता येतं. किंमत थोडी जास्त, पण ही सोय मोलाची. २०१६ मध्ये माउसजॅक नावाची त्रुटी उघड झाली होती. जवळपासचा कुणीही अनेक कंपन्यांच्या डोंगलमध्ये घुसू शकत होता. त्यामुळे त्याआधीचं जुनं डोंगल ड्रॉवरमधून काढून गावी पाठवू नका. पाठवायचंच तर लिनक्सच्या अपडेट यंत्रणेत त्याचं फर्मवेअर मिळतंय का ते आधी बघा.

सेलचंही बघायचं. पेन्सिल सेल गावातल्या दुकानात मिळतो. आत बॅटरी असलेला, चार्जिंगचा माउस घेतलात तर केबल शोधणं आलं, आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते.

आणि तिसरा, वायरवाला. दिसायला एकदम गावठी. सेल नाही, डोंगल नाही, जोडणी नाही. बायोसमध्ये चालतो, विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो. तीन-चारशे रुपयांत चांगल्या कंपनीचा मिळतो. हरवत नाही, कारण लॅपटॉपला बांधलेलाच असतो.

इसापनीतीतली शहरातल्या आणि गावातल्या उंदराची गोष्ट आठवते? शहरातल्या उंदराचं ताट भरलेलं, पण जीव सतत टांगणीला. गावातल्याचं साधं, पण निवांत. माउसचंही तेच आहे. जिथे दुरुस्तीला माणूस लांब आहे, तिथे बिघडण्यासारख्या गोष्टी जितक्या कमी तितकं बरं. माझं मत सरळ वायरवाल्याला.

पिंपळवंडी की पिंपरी पेंढार?

पण थांबा. वायरवाले सगळे सारखे नसतात. आणि इथेच लोक फसतात, कारण सगळं लक्ष "लिनक्सवर चालेल का" याच्यावर असतं. चालणं हा पहिला पेपर, हातात बसणं हा दुसरा.

सातबाऱ्याच्या साइटवर काय करावं लागतं बघा. जिल्हा निवडा: पुणे. तालुका निवडा: जुन्नर. गाव निवडा... आणि यादी उघडते. जुन्नर तालुक्यात दीडशेहून जास्त गावं! त्यात 'प' पाशी आलात की पिंपरी कावळ, पिंपरी पेंढार, पिंपळगाव जोगा, पिंपळवंडी अशी भावकीच भरलेली. चाक सैल असेल, एका बोटात पाच ओळी पळत असेल, तर आपलं गाव मागे राहतं आणि भलत्याच गावावर क्लिक पडतो. मग गट नंबर टाकला की दुसऱ्याच्याच जमिनीचा उतारा समोर! इकडे फोन येतो.

"अरे, आपल्या गटात दुसऱ्याचंच नाव दिसतंय की रे!"

"आप्पा, गाव कुठलं निवडलंय ते बघा आधी."

"पिंपरीच केलंय की."

"पुढचं वाचा."

"...कावळ."

हसू येतं, पण त्या दोन मिनिटांत त्या माणसाच्या काळजाचं काय झालं असेल? जमिनीच्या कागदावर परकं नाव दिसणं ही गावाकडे गंमत नसते.

म्हणून चाक फिरवून बघा. प्रत्येक टप्प्याला बोटाला स्पष्ट खटका लागला पाहिजे. चाक दाबायलाही जरा घट्टच हवं, त्याला लिनक्समधलं एक खास कारण आहे. लिनक्सवर नुसता मजकूर सिलेक्ट केला आणि दुसरीकडे चाक दाबलं, की तो तिथे पेस्ट होतो. आपल्यासारख्यांना ही सोय जाम आवडते. पण अर्ज भरताना आप्पांचं बोट चुकून दाबलं गेलं तर नावाच्या रकान्यात कांद्याचा भाव! ग्नोम डेस्कटॉप असेल तर ग्नोम ट्वीक्समधून ही सोय बंद करता येते.

दुसरं, आकार. आपण लॅपटॉपच्या बॅगेत मावतो म्हणून चिमुकला माउस घेतो. रुंद पंजाच्या माणसाला तो काड्यापेटी धरल्यासारखा वाटतो. पूर्ण आकाराचा घ्या, तळहात टेकला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या असलेला घ्या म्हणजे घरात कुणी डावखुरं असलं तरी चालेल. बटणांची अदलाबदल लिनक्सच्या सेटिंगमधूनच होते.

तिसरं, खालची जागा. माउसच्या पोटातला छोटा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे फोटो काढत असतो आणि त्यावरून हालचाल ओळखतो. काचेच्या टीपॉयवर किंवा गुळगुळीत फरशीवर त्याला काही दिसत नाही. माउसपॅड नसेल तर वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर ठेवा. आणि साखरेच्या चहाचा कप लांब!

गावी जाऊन दहा मिनिटं

माउस दिला आणि निघालो, असं करू नका. बाणाचा वेग तुमच्या हाताला ठीक आहे म्हणजे त्यांच्या हाताला ठीक आहे असं नाही. लिनक्स मिंटमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये जा, वेग निम्म्यावर आणा, बाण मोठा करा, डबल क्लिकच्या दोन टिचक्यांमधला वेळ वाढवा. तिथेच एक छान सोय आहे: कंट्रोल दाबलं की बाण जिथे असेल तिथे वर्तुळं उमटतात. "बाण कुठं गेला?" हा गावाकडून येणारा पहिला प्रश्न त्यानं सुटतो. डेस्कटॉपची भाषा मराठी करून ठेवलीत तर आणखी सोपं.

सराव कसा द्यायचा? पत्ते! विंडोजमध्ये १९९० साली सॉलिटेअर आला तोच लोकांना माउसनं वस्तू ओढायची सवय लागावी म्हणून, असं सांगतात. लिनक्सवरही तसे खेळ आहेत. पत्त्यांत मुरलेल्या माणसाला बदाम कुठे न्यायचा हे शिकवावं लागत नाही, फक्त बटण दाबून धरायचं एवढंच सांगायचं. घरात लहान पुतणी असेल तर जीकॉम्प्रि टाका. त्यात माउस हलवायचे, क्लिक करायचे, ओढायचे खेळ लहानग्यांसाठीच बनवलेत. पुतणी खेळेल आणि आप्पा बाजूला बसून शिकतील. कुणी कुणाला शिकवलं हे कळणारही नाही.

आणि माउस कधी मेलाच तर? लिनक्सच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये माउस कीज असतात. त्या चालू केल्या की नंबरपॅडच्या बटणांनी बाण सरकतो. तेवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा.

दुकानात जाताना

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जा, मुंबईकर असाल तर लॅमिंग्टन रोडला जा. पण ऑनलाइन मागवू नका, कारण हाताला कसा लागतो ते फोटोत कळत नाही. जाताना एवढं करा:

१. लॅपटॉप बरोबर न्या आणि माउस तिथेच खोचून बघा. पाच सेकंदांत बाण हलला पाहिजे. ड्रायव्हर टाकायचा असतो म्हणाले, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात.

२. डावं, उजवं, चाक वर, चाक खाली, चाक दाबून... पाचही तपासा. जादा बटणं असली तर ती चालतील असं गृहीत धरू नका.

३. खोक्यावर "सॉफ्टवेअर आवश्यक" असं काही आहे का ते वाचा. असेल तर जाऊ द्या.

४. डोंगलवालाच घ्यायचा असेल तर डोंगल माउसच्या पोटात ठेवायचा कप्पा आहे ना, ते बघा. त्याला लागणारा सेल गावात मिळतो ना, तेही.

५. वायर दीड मीटर तरी हवी. गावच्या घरात लॅपटॉप प्लगजवळ असतो आणि खुर्ची उजेडाजवळ.

६. परवडत असेल तर एकसारखे दोन घ्या. दुसरा कपाटात ठेवा. बिघडला की बदलायचा. नवीन काही शिकायला लागत नाही.

सातशे-आठशे रुपयांत दोन माउस, दहा मिनिटांची सेटिंग आणि पत्त्यांचा एक डाव. एवढ्यात एक जुनं मशीन भंगारातून वाचतं आणि एका माणसाला आपला सातबारा आपल्या हातानं काढता येतो. या शनिवारी गावी निघणार असाल तर तापकीर गल्ली शुक्रवारी संध्याकाळीच उरका. आणि हो, दुकानदारानं "साहेब, दिवे लागणारा दाखवू का?" असं विचारलं तर गोड हसा आणि नको म्हणा!